मी मारलेल्या खोट्या खुणा

बुलढाण्याच्या दवाखान्यात चौदा नंबरची एक खोली आहे. लकवा मारलेल्या माणसांचे हात तिथे पुन्हा कामाला लावतात. त्या खोलीत एक वही ठेवली आहे. जुन्या पेशंटांनी तिच्यात आपलं आजारपण लिहायचं आणि नव्यांनी ते वाचायचं. मला लिहायला करुणाने सांगितलं. ती कोण, ते पुढे येईलच. मी म्हटलं, मी चौथी पास, तेही मास्तर ओळखीचे होते म्हणून. ती म्हणाली, बोलता तसं लिहा. ऱ्हस्व-दीर्घ माझ्या नातीने सुधारले. बाकी सगळं माझं आहे आणि त्यात मी चांगला दिसत नाही. ज्याला धीराच्या गोष्टी पाहिजेत त्याने दुसऱ्या कोणाचं पान उघडावं.

करणी

मी धाडचा. उभा जन्म गवंडीकामात गेला. वय अडुसष्ट. उंचावरची कामं सोडली होती, पण शेजाऱ्यापाजाऱ्यांची लहानसहान कामं चालू होती. त्या दिवशी सकाळी एकाच्या दारापुढचा ओटा बांधत होतो. हातातली करणी पडली. उचलली, पुन्हा पडली. माल पातळ कालवला म्हणून मी कालवणाऱ्या बाईवर खेकसलो. ती माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "मिस्त्री, तुमचं तोंड वाकडं होऊन राह्यलं." मला तिला चार शब्द सुनवायचे होते. तोंडातून निघाली ती नुसती लाळ.

लोक जमले. एक म्हणाला, कबुतराचं रक्त चोळा, दुसरा कबूतर धरायला निघालासुद्धा. माझ्या पुतण्याने कोणाचं ऐकलं नाही, रस्त्यावरची जीप थांबवली आणि मला आत टाकलं. कबूतर वाचलं आणि मीही.

डॉक्टरने फोटो काढून सांगितलं, डोक्यातली रक्ताची नळी तुंबली, उजवी बाजू गेली, पण वेळेत आणलं. मी खुणेने विचारलं, हात कधी चालेल? तो म्हणाला, आधी जीव राहू द्या. मी भिंतीकडे बघितलं. गिलावा चांगला केलेला होता. आपल्याला आता असा गिलावा करता येणार नाही, एवढंच डोक्यात आलं. मरणाची भीती नंतर आली.

वार्ड

वार्डात सकाळ झाडूने सुरू होते. मग सिस्टर दंडाला पट्टा बांधते, मग चहा, मग डॉक्टरांचा घोळका, मग दुपारपर्यंत काही नाही. शेजारच्या खाटेवरच्या माणसाची बायको त्याच्यासाठी चहात पाव भिजवायची. दोन दिवसांनी तिने न विचारता माझ्याही तोंडात घास घातला. तिचं नाव मी विचारलं नाही. अजून आठवते.

माझी लेक सुनी बुलढाण्यातच राहते, जावई कचेरीत कारकून आहे. पहिल्या दिवशी तिने मला पुसलं, खालचं कापड बदललं. मी डोळे गच्च मिटून मेल्यासारखा पडलो. ती म्हणाली, "बाबा, डोये उघडा. लहानपणी म्या तुमच्या किती धोतराईवर मुतली, तवा तुमी मिटले होते काय?" शेजारची खाट हसली. मला हसू आलं नाही. घरात बायको असती तर हे लेकीला करावं लागलं नसतं. बायको मरून आठ महिने झाले होते.

बारा दिवसांनी, जीभ सुटल्यावर, वार्डातल्या मावशीने मला चाकाच्या खुर्चीत बसवलं आणि म्हणाली, चला, आता हात शिकायचा. दोन वळणं घेऊन खुर्ची एका दाराशी थांबली. दारावर आकडा होता, चौदा.

हा आकडा मला माहीत होता.

चिठ्ठी

आता जे लिहितो ते मी जवळजवळ दोन वर्षं कोणाला सांगितलं नव्हतं.

माझ्या बायकोचं नाव गयाबाई. मरायच्या वर्षभर आधी तिलाही लहानसा झटका आला होता. आठ दिवस ती ह्याच दवाखान्यात होती. पायाने चालत घरी आली, म्हणून मी समजलो, सुटली. पण तिचा उजवा हात ढिला पडला होता. घरी सोडताना डॉक्टरने माझ्या हातात चिठ्ठी दिली. म्हणाला, हिला दर आठवड्याला चौदा नंबरमध्ये आणा, हाताचं काम शिकवतील. मी चिठ्ठी खिशात घातली. घरी येऊन कपाटातल्या डब्यात ठेवली. नेलं एकदाही नाही. धाडहून बुलढाण्याला यष्टीने किती वेळ लागतो हे सगळ्यांना माहीत आहे, अडचण सांगायला जागा नाही. मला वाटलं, बाई घरात दिवसभर हातच हलवते, तिला आणखी कसला व्यायाम?

तिची भाकर बिघडली. एका बाजूला जाड, एका बाजूला फाटकी. एकदा ओट्यावर दोन-चार माणसं बसली होती, तिने ताट आणलं. मी भाकर उचलून धरली आणि म्हटलं, "हिले ओळंबा लावू काय?" ओळंबा म्हणजे भिंत सरळ आहे का ते बघायची आमची दोरी. माणसं हसली. तीही पदर तोंडाला लावून हसली. म्हणून ते मी पुन्हा पुन्हा म्हणत गेलो.

पुढे ती मी उठायच्या आधीच भाकरी करून ठेवू लागली. त्यातली बरी भाकर मला वाढायची आणि वाकडी आपण खायची. मला ते दिसत होतं.

दुसरा झटका मोठा होता. त्याने तिला नेलं. चिठ्ठीने तो टळला असता असं मी म्हणत नाही, डॉक्टरही म्हणत नाही. पण त्या वर्षभरात तिचा हात तिला मिळाला असता.

करुणा

चौदा नंबरमध्ये मोठ्या शहरातल्या विद्यापीठाची पोरं-पोरी शिकायला येतात. त्यांच्या विषयाला व्यवसायोपचार म्हणतात. नाव ऐकून मला वाटलं, आता ह्या वयात कोणता धंदा लावतात? तसं नाही. हात-पाय नुसते हलवणं वेगळं आणि त्यांनी गुंडी लावणं, तांब्या उचलणं, आंघोळ करणं वेगळं. हे दुसरं काम ही पोरं शिकवतात.

माझ्या वाट्याला आलेली करुणा शेवटच्या वर्षाला होती. वडनेर भोलजीची, शेतमजुराची पोर, आमच्यासारखीच बोलणारी. बाकीची पोरं 'काका' म्हणत, ही 'आबाजी'. पहिल्या दिवशी तिने विचारलं की मला काय करता यावंसं वाटतं. मी म्हटलं, करणी धरायची. ती म्हणाली, "धरू. पण घरी तुमाले जेवाले कोण देते?"

शेवटच्या वर्षाला प्रत्येकाला स्वतःचं एक संशोधन करावं लागतं. तिचं म्हणणं असं होतं, की दवाखान्यातल्या प्लास्टिकच्या कड्यांपेक्षा माणसाने आपल्याच घरातल्या वस्तूंवर रोज सराव केला तर हात लवकर येतो. त्यासाठी तिने स्वतः चित्रांचा कागद बनवला होता, अडाण्यालाही कळेल असा. परात, तांब्या, शर्टाची गुंडी. पुढे दिवसांचे रकाने. ज्या दिवशी जे केलं त्याच्यापुढे खूण करायची. दर आठवड्याला ती हात मोजायची. लाकडी खुंट्या फळीच्या भोकांत घालायच्या, ती घड्याळ धरून बसायची. मुठीत एक यंत्र दाबायचं, त्याचा काटा ती लिहून घ्यायची. आम्ही मोजकेच पेशंट तिच्या कागदात होतो.

पाय लवकर आला, काठीने चालू लागलो, आणि मला घाई धाडला जायची होती. सुनीने अट घातली होती, स्वतःचं खाणं-पिणं करता आलं तरच जायचं. करुणाने तिची समजूत काढली, पुतण्याची बायको भाकर देईल असं ठरलं आणि मला सोडलं. जाताना करुणाने बजावलं, "परातीत रोज मूठभर पीठ मळायचं, उजव्या हातानं. भाकर झाली नाई तरी चालते. मळणं महत्त्वाचं."

परात

घरात परात एकच, पितळी, गयाबाईने माहेराहून आणलेली. पहिल्या दिवशी मी मांडी घालून बसलो. पीठ घेतलं, डाव्या हाताने पाणी घातलं, उजवा हात आत ठेवला. बोटं वळेनात. पीठ बोटांना चिकटलं आणि हात परातीच्या कडेला नुसता आपटत राहिला. टण टण.

तो आवाज मी आधी ऐकला होता. वर्षभर पहाटे झोपेत ऐकला होता आणि कूस बदलून पुन्हा झोपलो होतो.

मी परात धुतली, फळीवर पालथी घातली आणि पुन्हा हात लावला नाही. तांब्या नाही, गुंडीही नाही. गुंड्यांचे शर्ट सोडले, बंडीवर राहू लागलो.

पण कागद होता. बुलढाण्याला जायच्या आदल्या दिवशी मी बसायचो आणि डाव्या हाताने आठवड्याच्या सगळ्या खुणा एकदम मारायचो. त्यातही मिस्त्रीची अक्कल चालवली. एक खूण गडद, एक फिकी, एक जरा तिरकी, म्हणजे रोजची वाटावी. एके दिवशी कागदावर मुद्दाम पीठ सांडून त्यात बोट उमटवलं. करुणाने ते पिठाचं बोट बघितलं आणि खोलीतल्या सगळ्यांना दाखवलं. म्हणाली, याले म्हणतात पेशंट.

मी मान डोलावली.

मोठ्या मॅडम

दोन महिने असे गेले. मग विद्यापीठातल्या मोठ्या मॅडम पोरांचं काम बघायला आल्या. मी बाहेरच्या बाकावर बसलो होतो, दार उघडं होतं. मॅडमनी करुणाचे कागद चाळले. माझ्या कागदावर थांबल्या. घरच्या खुणा भरगच्च आणि हाताचा काटा होता तिथेच. त्यांनी विचारलं, हा माणूस एक दिवस चुकला नाही, तरी हात येत नाही, मग तुझ्या पद्धतीत दम काय आहे? आवाज चढवला नाही. आणखी एक-दोघांचंही असंच होतं. म्हणाल्या, हे असंच असेल तर पद्धत लागू पडली नाही, असं लिहावं लागेल. परीक्षेला अजून वेळ आहे, विचार कर.

करुणा बाहेर आली. मला वाटलं, तिला कळलं. ती माझ्याजवळ बसली आणि म्हणाली, "आबाजी, तुमी मनाले लावून घेऊ नका. तुमी एक दिवस खाडा केला नाई. चूक माह्या पद्धतीत हाय."

त्याच वेळी बोलायला पाहिजे होतं. तोंड उघडलंही. पण बाकावर आणखी पेशंट होते, त्यांच्यासमोर मी पिठाच्या बोटाचा मानकरी होतो. मी म्हटलं, "असू दे पोरी, होते असं." खोटं बोललो ते एक. वर तिलाच माफ केलं.

यष्टीत बसलो तर माझ्याच तोंडचा तो 'असू दे' डोक्यातून जाईना. गयाबाईचं जे नुकसान केलं ते मी तिच्याबरोबर पुरून मोकळा झालो होतो. ही पोर जिवंत होती. ती स्वतःच्या हाताने स्वतःला नापास लिहायला निघाली होती, आणि पेन मी दिलं होतं.

कबुली

दुसऱ्या दिवशी माझी पाळी नव्हती, तरी पहिल्या गाडीने गेलो. करुणा मैत्रिणीबरोबर डबा खात होती. मी उभ्यानेच सांगितलं, की सगळ्या खुणा खोट्या आहेत, पीठही मुद्दाम सांडलेलं आहे.

ती घास हातात धरून बसली. मग म्हणाली, "तुमी मले फसवलं, आबाजी?"

"हाव."

"काऊन?"

त्या 'काऊन'ला उत्तर द्यायचं तर चिठ्ठीपासून सांगावं लागत होतं. सांगितलं. ओळंब्याचं सांगितलं. परातीचा आवाज सांगितला. मैत्रीण उठून गेली. करुणाने डब्याचं झाकण लावलं. ती रागावली होती आणि तिने ते लपवलं नाही. म्हणाली, मी तुमच्या कागदाची शपथ खाल्ली असती.

मोठ्या मॅडमना तिने फोन लावला. त्या म्हणाल्या, त्या पेशंटला काढून टाक, उरलेल्यांवर लिही. करुणा म्हणाली, नाही मॅडम, मला त्यांना ठेवायचंय. जो सराव करत नाही तो का करत नाही, हे मी कोणाला विचारलंच नाही, नुसत्या खुणा मागितल्या.

मग ती एकेका पेशंटकडे गेली आणि बसली. तपासायला गेली नाही, नुसती बसली. माझ्यासारखे आणखी निघाले. एका बाईचा कागद तिची सून भरत होती. एका मास्तरांना गुंडी लावताना बायको बघते याची लाज वाटत होती. करुणाने कागद नव्याने काढला. प्रत्येक चित्राशेजारी तेच चित्र पुन्हा काढलं, पण पालथं. पालथी परात, पालथा तांब्या. आज झालं नाही, याचीही खूण. ती मारली तर कोणी रागावणार नाही, फक्त विचारेल. परीक्षेची मुदत तिने वाढवून घेतली आणि पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागली.

माझी गोष्टही तिला लिहायची होती, नाव न घालता. मी म्हटलं, लिही. ती म्हणाली, "आधी सुनीताईले सांगा. तिनं आपल्या मायचं माह्या कागदात वाचू नये."

मेथी

लकवा झाला तेव्हा जेवढा घाबरलो नव्हतो तेवढा त्या दिवशी लेकीच्या दारात घाबरलो. सुनी गॅलरीत मेथी निवडत होती. मी समोर बसलो, एक जुडी ओढून घेतली. डाव्या हाताने देठ मोडत बोललो. डॉक्टरने चिठ्ठी दिली होती. मी तुझ्या मायला नेलं नाही.

तिचे हात थांबले नाहीत. म्हणाली, "मले मालूम हाय."

माझा हात देठावरच थांबला.

"मायनं सांगतलं होतं. ते ओळंब्याचं बी सांगतलं होतं." तिने पिवळं पान वेगळं काढलं. "मले म्हणे, तुहा बाप नाई नेत, तू चाल माह्यासंगं. म्या म्हटलं, पोरीची परीक्षा होऊ दे. मंग म्हटलं, दिवाळी होऊ दे."

तिचा राग ऐकायची तयारी करून आलो होतो. हे ऐकायची तयारी नव्हती. मी म्हटलं, तुझी चूक नाही. ती म्हणाली, "ते तुमी नका सांगू, बाबा." बरोबरच होतं. ते सांगायचा हक्क गयाबाईला होता.

मेथी संपल्यावर तिने टोपली उचलली. आत जाताना म्हणाली, "लिहू द्या तिले. लेकीनं बी नेलं नाई, असं बी लिहा म्हणा."

त्यानंतर आमच्यात सगळं ठीक झालं असं नाही. ती येऊन-जाऊन माझं सगळं करते, पण कधी कधी दोन-दोन दिवस बोलत नाही. मीही विचारत नाही.

आता

मी परात सुलटी केली. पहिले दिवस पीठ कमी आणि नाकातलं पाणी जास्त होतं. मग बोटं थोडी वळली. आता गोळा होतो, भाकर थापता येते, चांगली येत नाही. करणी धरतो, पण माल उचलून भिंतीला मारता येत नाही आणि येणारही नाही, असं करुणाने स्पष्ट सांगितलं. हे पान उजव्या हाताने लिहिलं आहे, रोज चार-पाच ओळी.

नव्या माणसाला मी एवढंच सांगतो. इथली पोरं शिकाऊ आहेत म्हणून त्यांना फसवणं सोपं आहे. फसवू नका. आणि घरात बाईला झटका आला असेल तर ती कामं करते म्हणून ती बरी आहे असं समजू नका. तिला घेऊन या. मी आणलं नाही.

परीक्षा झाली. मग एक स्पर्धा झाली, दुसऱ्या कॉलेजांची पोरंही आली होती, त्या सगळ्यांसमोर करुणाने आपलं संशोधन मांडलं. तिच्या पालथ्या परातीच्या कागदाला पहिला नंबर मिळाला आणि आता तो दुसऱ्या दवाखान्यांतही वापरणार आहेत. त्याच संध्याकाळी तिचा फोन आला. मागे पोरांचा गलका चालू होता. मी म्हटलं, लय चांगलं झालं. तिने माझं आणि सुनीचं वाचून दाखवलं तेव्हा हॉलमध्ये कोणी खोकलंसुद्धा नाही, असं तिने सांगितलं. मला कानाच्या पाळीपर्यंत लाज वाटली. अभिमान वाटायला पाहिजे होता, पण त्या बक्षिसात माझं काय होतं, तर मी बायकोला केलेलं.

फोन ठेवायच्या आधी तिने विचारलं, "आबाजी, आज मळलं काय?"

इतक्या आनंदात पोर होती. हो म्हटलं असतं तर तिला बरं वाटलं असतं.

"नाई पोरी," मी म्हटलं. "आज नाई झालं."

"काऊन?"

"आज तिची लय याद आली."

गलका चालूच होता. ती म्हणाली, "मंग तशी खूण करा."

मी पेन्सिल उजव्या हातात घेतली आणि पालथ्या परातीपुढे खूण केली.